प्राथमिक शाळेतले फ्रेंच: कोअर, इमर्शन, उच्चार आणि घरचा अभ्यास

रानवारा
सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या की ऑन्टॅरिओतल्या मराठी पालकांचे तेच ते प्रश्न येतात: इमर्शन घ्यावे का, घरी कोणालाच फ्रेंच येत नसेल तर काय, पाच वर्षे शिकूनही मूल बोलत का नाही. वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरलेली उत्तरे एका जागी यावीत म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

आधी सांगाडा. इंग्रजी माध्यमाच्या सरकारी शाळांत चौथी ते आठवी फ्रेंच सक्तीचे आहे. हे कोअर फ्रेंच. साधारण रोज 40 मिनिटांचा तास असतो आणि आठवीअखेर 600 तास भरायचे असतात. एक्स्टेंडेड फ्रेंचमध्ये निदान पाव शिक्षण फ्रेंचमधून होते, आठवीपर्यंत किमान 1260 तास. इमर्शनमध्ये निदान अर्धा दिवस फ्रेंच, आठवीपर्यंत किमान 3800 तास. इमर्शन सिनियर केजीत सुरू होते की पहिलीत की आणखी पुढे, ते तुमच्या स्कूल बोर्डावर अवलंबून, त्यामुळे शेजारच्या गावातल्या मैत्रिणीला विचारून ठरवू नका. फ्रेंच माध्यमाच्या शाळा हा चौथा आणि पूर्ण वेगळा प्रकार. त्या फ्रेंच भाषकांसाठी आहेत, तो हक्क कॅनडाच्या 1982 च्या हक्कांच्या सनदेतल्या 23व्या कलमातून येतो. इतरांना तिथल्या प्रवेश समितीकडे अर्ज करावा लागतो.

आता मुद्दा. 600 तास काही थोडे नाहीत. ते जातात कुठे? नामांच्या याद्यांत. रंग, प्राणी, फळे, कपडे, दप्तरातल्या वस्तू. मुलाला चाळीस प्राणी येतात, पण 'मला मांजर आवडत नाही' म्हणता येत नाही, कारण क्रियापद हातात नाही. रोजचा तारीख-वार-हवामान हा पाठही पाच मिनिटांत संपायला हवा. तो पंधरा मिनिटे चालला आणि जूनपर्यंत जसाच्या तसा राहिला, तर मुले फक्त सुरात उत्तर द्यायला शिकतात.

यावर उपाय म्हणजे पहिल्या दोन-तीन महिन्यांत सात साचे पक्के करणे: माझ्याकडे आहे, मला आवडते, मला आवडत नाही, मला हवे, मला येते, मी जातो, अमुक तिथे आहे. नवीन आलेले प्रत्येक नाम त्याच दिवशी या सात साच्यांतून फिरवायचे. चाळीस प्राण्यांऐवजी आठ प्राणी आणि सात साचे घेतले तर छप्पन्न वाक्ये होतात, आणि ती मुलाची स्वतःची असतात.

दुर्वा
उत्तम धागा. एक व्यावहारिक प्रश्न. मुलांना शब्दांखाली देवनागरीत उच्चार लिहून द्यावा का? आपल्याकडे बरेच पालक तसे करतात. इंग्रजीपेक्षा देवनागरी उच्चाराला जास्त प्रामाणिक, असा त्यामागचा विचार.

चाफा
दुर्वा, काही ध्वनींसाठी चालेल, काहींसाठी घातक. कोणते कुठले ते नीट सांगते.

जिथे देवनागरी कामाची आहे: फ्रेंच 'त' आणि 'द' दंत्य आहेत, अगदी आपल्यासारखे. कॅनडात वाढणारी मराठी मुले इंग्रजीच्या सवयीने 'टाब्ल' म्हणतात, त्यांना 'ताब्ल' लिहून दाखवले की काम झाले. क, त, प मागून हवा न सोडता म्हणायचे असतात. हेही आपल्याला आयते येते, वर्गातल्या इंग्रजी मुलांना शिकवावे लागते.

जिथे देवनागरी फसवते अशा तीन जागा:

'मला हवे' आणि 'मी जातो' ही दोन्ही वाक्ये देवनागरीत 'झ वे' अशीच लिहिली जातात. फ्रेंचमध्ये ती वेगळी आहेत. पहिल्यात ओठ 'ओ'साठी करतो तसे गोल ठेवायचे आणि आतून 'ए' म्हणायचे. दुसऱ्यात साधा उघडा 'ए'. कागदावर दोन्ही एकसारखे दिसले की मूल आयुष्यभर एकच म्हणते. रानवारांच्या सात साच्यांत हे दोन्ही आहेत, म्हणजे घोटाळा पहिल्याच आठवड्यात सुरू.

दुसरी जागा म्हणजे 'यू' या अक्षराचा स्वर. ओठ 'ऊ'चे, जीभ 'ई'ची. मुलाला लांब 'ई' म्हणायला लावा आणि आवाज न तोडता, जीभ न हलवता फक्त ओठ शिट्टीसारखे पुढे काढायला सांगा. आलाच तो स्वर. हा साधला नाही तर 'तू' आणि 'सगळे' या दोन शब्दांत फरकच उरत नाही.

तिसरी, अनुनासिक स्वर. आपला अनुस्वार पुढच्या व्यंजनाला चिकटतो: अंगण म्हणताना ङ् येतो, आंबा म्हणताना म्. म्हणून 'बोंझूर' लिहिले की मूल 'बोन्झूर' म्हणते. फ्रेंचमध्ये तो न् नाहीच. खूण सोपी आहे: स्वर संपताना जिभेचे टोक वर टेकले तर चुकले. हिंदीतला 'हाँ' ज्यांच्या कानात आहे, किंवा घरी कोकणी आहे, त्यांना हे लगेच जमते.

म्हणून माझे मत: देवनागरी मोठ्यांनी स्वतःच्या वहीत वापरावी, मुलाच्या वहीत नको. मुलाला अक्षरजोड्या शिकवा. फ्रेंचचे स्पेलिंग इंग्रजीपेक्षा कितीतरी शिस्तीचे आहे, पण ती शिस्त कोणी सांगतच नाही.

ऑटवाकर
चाफा यांच्या अक्षरजोड्यांना अनुमोदन. यादी देतो (अक्षरांची नावे इंग्रजी, उच्चार फ्रेंच), आठवड्याला दोन जोड्या पुरे.

ओ-यू म्हणजे ऊ. ओ-आय म्हणजे वा. ए-यू आणि ई-ए-यू दोन्ही ओ. ए-आय म्हणजे ए. सी-एच म्हणजे श. क्यू-यू म्हणजे नुसता क. जी-एन म्हणजे न्य. आय-डबल एल बहुधा य, मात्र शहर आणि हजार या दोन शब्दांत ल. ए-एन आणि ई-एन म्हणजे आँ. ओ-एन म्हणजे ओँ. आय-एन आणि ए-आय-एन म्हणजे अँ.

अनुनासिकाला एक अट आहे. त्या एन नंतर स्वर किंवा दुसरा एन आला की नासिक्य जाते आणि साधा न ऐकू येतो. 'चांगला' बोँ, पण 'चांगली' बॉन. मामेभाऊ कूझँ, मामेबहीण कूझीन. ही एक अट कळली की विशेषणांचे अर्धे स्त्रीलिंग आपोआप सुटते.

शेवटचे व्यंजन सहसा मुके. सी, आर, एफ, एल बहुधा बोलतात, पण क्रियापदाच्या शेवटचा ई-आर 'ए' होतो. मुक्या व्यंजनानंतर ई लागला की व्यंजन जागे होते: लहान मुलगा पती, लहान मुलगी पतीत.

तपासायचे कसे? ओळखीचे शब्द वाचायला देऊन काही कळत नाही, ते पाठ असतात. त्याच जोड्यांचे अर्थहीन शब्द तयार करा, मूल ते वाचू शकले तर जोडी बसली. पाच शब्द, दोन मिनिटे, आठवड्यातून एकदा.

अक्षरांच्या नावांत एक सापळा आहे. फ्रेंचमध्ये जी-ला 'झे' म्हणतात आणि जे-ला 'झी', म्हणजे इंग्रजीच्या बरोबर उलट. ई-चे नाव 'अ', आय-चे नाव 'ई'. स्वतःचे नाव स्पेल करून सांगा हा प्रश्न पहिल्या इयत्तेपासून येतो, आणि जयेश, गिरिजा, ईशान असली नावे असतील तर मुले तिथेच अडखळतात.

पैंजण
उच्चारांबद्दल एक भर. अनेक पालक तक्रार करतात की शिक्षक चुकीचे बोलतात, ऑनलाइन वेगळे ऐकू येते. बऱ्याचदा शिक्षक क्वेबेकचे, म्हणजे कॅनडातल्या फ्रेंच भाषक प्रांताचे असतात, चूक नसते. क्वेबेकी फ्रेंचमध्ये 'ई' आणि 'यू' या स्वरांआधी त-चा त्स होतो आणि द-चा द्झ. मंगळवार फ्रान्समध्ये 'मार्दी', क्वेबेकमध्ये 'मार्द्झी'. चमचा, जग यांतले च आणि ज म्हणणाऱ्या मराठी मुलाला ते जड नाही. दोन्ही बरोबर आहेत हे मुलाला सांगा आणि शिक्षकांचा उच्चार घरी 'सुधारू' नका.

र-चे पण तेच. घशातला र जमला तर छान, नाही जमला तर आपला जिभेचा र सर्वांना कळतो. मॉन्ट्रियल भागातली जुनी पिढी तसाच र म्हणायची. पहिल्या वर्षी र-वर घालवलेला वेळ 'यू'वर घालवा, अर्थ तिथे बदलतो.

दुर्वा
चाफा, ऑटवाकर, पैंजण, फारच उपयोगी. आता लिंगाचे सांगा. मराठीत तीन, फ्रेंचमध्ये दोन. मुले मराठीवरून अंदाज करतात.

चाफा
तो अंदाज बंद करायला लावा. चंद्र आपल्याकडे पुल्लिंगी, तिकडे स्त्रीलिंगी. घर, टेबल, पुस्तक आपल्याकडे तिन्ही नपुंसकलिंगी, तिकडे घर आणि टेबल स्त्रीलिंगी, पुस्तक पुल्लिंगी. अर्थावरून काही हाती लागत नाही.

शब्द कधीही एकटा शिकवायचा नाही, 'अँ' किंवा 'यून' लावूनच. कार्डावर चित्र, खाली आर्टिकलसह शब्द, पुल्लिंगी निळ्या शाईत, स्त्रीलिंगी लाल शाईत. 'ल/ला'पेक्षा 'अँ/यून' बरे, कारण स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाआधी ल आणि ला दोन्ही आकसून सारखेच होतात आणि लिंग लपते.

पाचवी-सहावीत शेवटावरून ओळखायला शिकवता येते. सिओँ, ते, एत असे शेवट बहुधा स्त्रीलिंगी. आझ, ओ, माँ बहुधा पुल्लिंगी. अपवाद मुलांच्या रोजच्या शब्दांत आहेत, म्हणून ते आधीच द्या: पान, चित्र, समुद्रकिनारा आणि पिंजरा हे 'आझ'ने संपूनही स्त्रीलिंगी. पाणीसुद्धा 'ओ' असून स्त्रीलिंगी.

हमखास होणाऱ्या आणखी तीन चुका. वय 'असणे'ने नव्हे, 'जवळ असणे'ने सांगतात: झे उइताँ, मला आठ वर्षे. इंग्रजी आणि मराठी दोन्ही इथे मुलाला चुकीकडे ढकलतात. दुसरी, 'मी खेळतो आहे' यातल्या 'आहे'साठी मुले एक जादा क्रियापद घुसवतात. फ्रेंचमध्ये एकच क्रियापद, 'झ झू', बस. तिसरी, रंग नामानंतर येतो: मांजर काळी, काळी मांजर नव्हे. मात्र लहान, मोठा, चांगला, सुंदर, नवा, म्हातारा ही नामाआधीच राहतात.

तू आणि तुम्ही हा भेद मराठी मुलाला समजावावा लागत नाही. फक्त एवढे सांगा की तिकडे आजी-आजोबांनाही सहसा 'तू'च म्हणतात, त्यात अनादर नाही.

समईवाती
मुलगी इमर्शनमध्ये दुसरीत आहे. घरी मराठी. गणितही फ्रेंचमध्ये, आम्हाला प्रश्नच वाचता येत नाही. कोणी म्हणतात मराठी बंद करा, तीन भाषांचा गोंधळ होईल. काय करावे?

ऑटवाकर
मराठी अजिबात बंद करू नका. 1965 साली मॉन्ट्रियलजवळच्या सँ-लाँबेरमध्ये इंग्रजी भाषक पालकांनी आग्रह धरून इमर्शन सुरू केले, तेव्हाही घरची भाषा भक्कम राहील हे गृहीत धरले होते. इमर्शनमध्ये इंग्रजी हा विषय अनेक बोर्डांत तिसरी-चौथीत सुरू होतो, तोपर्यंत इंग्रजी वाचन मागे दिसते. घाबरून तेवढ्यावर इमर्शन सोडू नका. मात्र वाचनाची अडचण फ्रेंचमध्येही दिसत असेल, म्हणजे साध्या अक्षरजोड्या दुसरीच्या अखेरीसही बसत नसतील, तर ती भाषेची नसून वाचनाची अडचण असू शकते. शाळेला लगेच लेखी पत्र देऊन तपासणी मागा.

गणितासाठी: मुलीला प्रश्न मोठ्याने वाचू द्या आणि काय विचारले ते मराठीत सांगू द्या. सोडवणे मराठीत होऊ दे. शेवटचे उत्तराचे वाक्य मात्र तिने फ्रेंचमध्ये म्हणायचे. घोळ होतो तो जास्त, कमी, तितकेच, प्रत्येकी, उरले, बेरीज, फरक या सात-आठ शब्दांवर. ते फ्रिजवर लावून ठेवा.

लिहिण्याची पद्धत वेगळी आहे, तीही माहीत हवी. साडेतीन 3,5 असे स्वल्पविरामाने लिहितात. बारा हजार पाचशे 12 500 असे मोकळ्या जागेने. डॉलरचे चिन्ह आकड्यानंतर. घरी 3.5 करून दिले तर ती वर्गात चुकते.

आणि 70 ते 99. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. एकाहत्तरमध्ये मधे 'आणि' येतो, एक्क्याऐंशीत येत नाही. गावाकडची जुनी माणसे विसांनी मोजत, ती मोजणी घरात कोणाला येत असेल तर मुलांना ऐकवा. हे आकडे ओळीने पाठ करून उपयोग नाही, आकडा ऐकून लिहिण्याचा सराव हवा. 'साठ' ऐकताच मूल 6 लिहून मोकळे होते आणि मग पुढे 'चौदा' येतो. पूर्ण ऐकेपर्यंत पेन्सिल खाली, हा नियम ठेवा.

रानवारा
संस्कृतीचा भाग राहिला. वर्गात तो बहुधा आयफेल टॉवर रंगवण्यावर संपतो. मुलाला त्यातून एकही वाक्य मिळत नाही. जी कृती करताना भाषा बोलावीच लागते, तीच निवडावी.

2 फेब्रुवारीला शाँदलर हा सण असतो, त्या दिवशी क्रेप, म्हणजे मैद्याची पातळ धिरडी करतात. (ऑन्टॅरिओत त्याच दिवशी वायर्टन गावातला ग्राउंडहॉग हा प्राणी बाहेर येतो आणि त्यावरून हिवाळा किती उरला याचा अंदाज करतात, तुलनेला आयता विषय.) प्रमाण: मैदा 250 ग्रॅम, अंडी 4, दूध अर्धा लिटर, वितळलेले लोणी 50 ग्रॅम, चिमूटभर मीठ. साधारण 12 ते 15 होतात. मैद्यात मधे खळगा करून अंडी फोडायची, मग दूध थोडे थोडे. दूध एकदम ओतले की गुठळ्या होतात. अर्धा तास पीठ झाकून ठेवायचे, घावनाच्या पिठाइतके सरसरीत हवे. वर्गात शेगडी चालणार नसेल तर पीठ वर्गात आणि भाजणे घरी.

यातली भाषा: मोजता न येणाऱ्या किंवा अनेकवचनी वस्तूंआधी 'थोडे', 'काही' या अर्थाचे आर्टिकल लागते, दुधाला द्यू, मैद्याला द ला, अंड्यांना दे. तक्त्यावरून हे मुलांच्या डोक्यात राहत नाही. एकाने 'मला मैदा हवा' असे बरोबर आर्टिकल लावून मागितल्याशिवाय दुसऱ्याने वाटी द्यायची नाही, असे चालवले की एका तासात बसते. अंडे एक असताना 'अफ', अनेक झाली की शेवटचा फ गळून नुसता गोल ओठांचा 'ए' उरतो, तेही इथेच ऐकू येते.

आधी पालकांकडून अंडे, दूध, गहू यांच्या ॲलर्जीची चिठ्ठी घ्या. हेझलनटचे क्रीम नको, शाळांत सुक्या मेव्यावर बहुधा बंदी असते. मेपल सिरप उत्तम.

पैंजण
मेपल निघालेच आहे तर मार्च-एप्रिलमधली कबान आ स्यूक्र, म्हणजे साखरेची झोपडी, हा कॅनडाचा स्वतःचा विषय आहे आणि विज्ञानाशीही जोडता येतो. रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्यावर तापमान गेले की झाडातून रस वाहतो. 1 लिटर सिरपला साधारण 40 लिटर रस लागतो. सिरप पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या 4 अंश वर, म्हणजे 104 अंश सेल्सियसला तयार होते. तेच 112 ते 114 पर्यंत आटवून स्वच्छ बर्फावर धार धरली की चिकट गोळी होते, ती काडीवर गुंडाळून खायची. ओतायचे काम मोठ्यांनीच करावे, साखरेचा चटका पाण्यापेक्षा वाईट. बर्फ बाहेरचा नको, घरचा कुटून घ्या. मुलांची भाषा: आधी, मग, नंतर, शेवटी, आणि चार क्रियापदे.

25 सप्टेंबर विसरू नका. फ्रँको-ऑन्टॅरिओ लोकांचा हिरवा-पांढरा झेंडा 1975 साली त्याच दिवशी सडबरीत पहिल्यांदा फडकला. एका बाजूला लिली, दुसरीकडे ट्रिलियमचे फूल. फ्रेंच बोलणारे लोक आपल्याच प्रांतात राहतात हे मुलाला चौथीतच कळले पाहिजे.

फ्रान्सची पुस्तके वापरताना एक काळजी घ्या. देझने म्हणजे फ्रान्समध्ये दुपारचे जेवण, क्वेबेकमध्ये सकाळची न्याहारी. दिने फ्रान्समध्ये रात्रीचे, क्वेबेकमध्ये दुपारचे. परीक्षेत शिक्षकांनी शिकवले तेच लिहायचे.

कृष्णाकाठ
पुण्यामुंबईच्या पालकांसाठी. प्राथमिक वयाच्या मुलांसाठी डेल्फ प्रिम ही फ्रान्सच्या शिक्षण खात्याची परीक्षा आहे, आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत चौकशी करा. पातळ्या ए1.1, ए1 आणि ए2. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे, प्रत्येकी 25 गुण. उत्तीर्ण व्हायला 100 पैकी 50 हवेत, आणि कोणत्याही एका भागात 5 पेक्षा कमी पडले तर एकूण कितीही असले तरी नापास. प्रमाणपत्राला मुदत नाही.

आपल्याकडची मुले लिहिण्यात भरपूर मिळवतात आणि ऐकण्यात गुण घालवतात, कारण शाळेत प्रश्नोत्तरे पाठ करून घेतली जातात. ध्वनिफीत सुरू होण्याआधी प्रश्न वाचायला वेळ दिलेला असतो. त्या वेळात चित्रांची फ्रेंच नावे मनात म्हणून घ्यायची सवय लावा. रोज पाच मिनिटे ऐकणे हे रविवारच्या एका तासापेक्षा जास्त देते.

थेम्सकाठ
इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2014 पासून 7 ते 11 वयाला एक परकी भाषा सक्तीची आहे, बऱ्याच शाळा फ्रेंच घेतात. पण आठवड्याला अर्धा-पाऊण तास. पाऊण तास धरला तरी चार वर्षांत सव्वाशे तासही होत नाहीत. इथे कृष्णाकाठ म्हणतात तेच लागू: तो पाऊण तास एकदम देण्याऐवजी 20 मिनिटांचा एक तास आणि रोज पाच मिनिटे हजेरीच्या वेळी. हजेरीला 'हजर' ऐवजी प्रत्येकाने एक 'मला आवडते' वाक्य म्हणायचे, कालचे चालणार नाही.

समईवाती
ऑटवाकर, मनापासून आभार. शेवटचा प्रश्न: घरी वाचायला आणि ऐकायला काय द्यावे? आणि गृहपाठ टाइप करताना अक्षरांवरची चिन्हे कशी काढायची?

ऑटवाकर
ऐकायला टीएफओ. ऑन्टॅरिओची सार्वजनिक फ्रेंच वाहिनी आहे, मुलांचे कार्यक्रम फुकट मिळतात. तोच भाग तीन दिवस लावा. पहिल्या दिवशी गोष्ट कळते, तिसऱ्या दिवशी वाक्ये तोंडात येतात. इंग्रजी सबटायटल बंद, फ्रेंच चालू.

वाचायला सार्वजनिक वाचनालयातली ध्वनिमुद्रण असलेली पुस्तके. ध्वनिमुद्रण नसलेले पुस्तक एकट्याने वाचायला देऊ नका, चुकीचा उच्चार पक्का होतो. पानावर पाचपेक्षा जास्त अनोळखी शब्द असतील तर पुस्तक बदला. तिने वाचून झाले की भाषांतर मागू नका. चित्रावर बोट ठेवून 'हे कोण, काय करतंय' एवढे मराठीत विचारा आणि ज्या वाक्यात ते लिहिले आहे ते तिला दाखवू द्या.

टाइप करताना फोन-टॅबवर अक्षर दाबून धरले की चिन्हे येतात. लॅपटॉपवर कॅनेडियन फ्रेंच कीबोर्ड निवडा. त्यात वर तिरकी रेघ असलेला ई प्रश्नचिन्हाच्या कळीवर एका दाबात येतो, आणि सर्वांत जास्त तोच लागतो. चिन्ह न काढता पुढे जाऊ देऊ नका, कारण भूतकाळ ओळखायला बऱ्याचदा तेवढी एक रेघच असते.